कावळा कुठे शिवला?

महिन्यातले तीन-चार दिवस आई स्वयंपाकघरात जायची नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. विचारलं की आजी सांगायची, "तिला कावळा शिवलाय." चेरीतालच्या आमच्या घरामागे कडुनिंब होता आणि त्यावर कावळे भरपूर, त्यामुळे गोष्ट अशक्य वाटायची नाही. मी आईच्या खांद्यावर, पाठीवर, वाळत घातलेल्या साडीवर खूण शोधायची. पंख लागला असेल तर काळं काही उमटलं असेल, चोच लागली असेल तर ओरखडा असेल. काही सापडायचं नाही. मग मी स्वतःचीच काळजी घ्यायला लागले. अंगणातून पलीकडे जाताना डोक्यावर दोन्ही हात ठेवून पळायचं, म्हणजे आपल्याला शिवणार नाही. घरातले मोठे हसायचे. का हसतात ते कळायला पाच-सहा वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा कुणी समजावून सांगितलं म्हणून कळलं नाही. त्या वेळी लाज वाटली की भीती, ते आता आठवत नाही. राग आला होता हे मात्र नक्की आठवतं. म्हणजे कावळा नव्हताच? इतकी वर्षं मी त्या झाडाकडे संशयानं बघत होते, आणि तिथे बसलेले ते नुसते कावळे होते.

ही आठवण समीक्षेच्या लेखात आणायचं कारण दोन वर्षांपूर्वीचं एक भांडण. मी मराठीतून हिंदीत अनुवाद करते. एका कथेत हाच वाक्प्रचार होता आणि कथेतली मुलगीही साधारण त्याच वयाची. मी हिंदीत सरळ 'कौआ छू गया' लिहिलं. मला माहीत असलेल्या हिंदीत असं कुणी म्हणत नाही. 'महीना', 'कपड़े से होना' हे आहे, कावळा नाही. संपादकांनी शब्दावर एक आकडा चढवला आणि पानाखाली दोन ओळींची टीप दिली : मराठीत मासिक पाळीसाठी रूढ असलेला शब्दप्रयोग. टीप बरोबर होती. पण कथेतल्या मुलीला जे अजून चार पानं कळणार नव्हतं, ते वाचकाला तिच्या आधी कळलं. मोठ्यांच्या हसण्यात वाचक सामील झाला आणि मुलगी अंगणात एकटी पडली.

वयात येण्याच्या कथा-कादंबऱ्यांतल्या रूपक-प्रतीकांबद्दल जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं मला या तळटिपेसारखं वाटतं. पतंग म्हणजे स्वातंत्र्य, बंद खोली म्हणजे दडपलेली इच्छा, नदी म्हणजे काळ. एम.ए.ला असताना मीही अशा पेपरांना चांगले मार्क मिळवलेले आहेत, त्यामुळे हे वरून बोलत नाही. या वाचनात एक गृहीत असतं : लेखकानं मुलाच्या डोक्यावरून वाचकाला खूण केलेली आहे, आणि मूल मध्ये उभं असलं तरी त्याला त्यातलं काही कळत नाही. मला वाटतं, या प्रकारच्या लेखनात गोष्ट नेमकी उलटी असते. मूल मोठ्यांच्या तयार रूपकांच्या घरात जन्माला येतं आणि ती सगळी शब्दशः घेतं. कावळा म्हणजे कावळा. वयात येणं म्हणजे बऱ्याच अंशी या घरगुती रूपकांचा उलगडा होणं, आणि त्या उलगड्यात काहीतरी गमावणंही. म्हणून अशा पुस्तकात एखादी वस्तू कशाचं प्रतीक आहे हे विचारण्याआधी, ते प्रतीक कुणाचं आहे आणि ते उलगडून सांगायचा हक्क कुणाकडे आहे, हे विचारायला हवं.

मराठी भाषेनंच या हक्काची वाटणी कशी केली आहे बघा. मुलाला मिसरूड फुटतं. आवाज फुटतो. दोन्ही गोष्टी दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, तोंडावर सांगता येणाऱ्या. मुलीला न्हाण येतं, पदर येतो, ती शहाणी होते. घडतं एक आणि बोललं जातं दुसरं. 'शहाणी' आणि हिंदीतलं 'सयानी' ही सख्खी भावंडं, दोघांचं मूळ 'सज्ञान'. जिला कुणी काहीच सांगितलेलं नाही तिलाच दोन्ही भाषांनी जाणती म्हणावं, हे मला अनुवाद करताना फार वेळा टोचलं आहे. मुलग्यांच्या कादंबरीत प्रतीकं लेखकाला शोधावी लागतात. मुलींच्या वाट्याला ती आधीच आलेली असतात, आजीकडून.

'श्यामची आई' हे मराठीत लहानपणावरचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातला पायांचा प्रसंग न वाचलेल्यांनाही माहीत असतो. आंघोळ झाली आहे, ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम अडून बसलाय, आई नेसतं लुगडं धोंड्यावर पसरते, त्यावर पाय टेकून तो देवपूजेला जातो. आणि मग आई सांगते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप. म्हणजे प्रतीक उभं राहिलं आणि त्याच श्वासात उलगडलं, तेही दुसऱ्या कुणी नाही, आईनं. 'मुकी फुले'मध्येही तेच. श्याम इतरांच्या आधी फुलं मिळावीत म्हणून कळ्याच खुडून आणतो, आणि झाडावर फुलू द्यावं हे आई समजावते.

आधुनिक वाचक इथे नाक मुरडतो. इतकं उघड कशाला सांगायचं? माझाही एकेकाळी हाच आक्षेप होता. पण पुस्तकाची रचना लक्षात घेतली तर तो टिकत नाही. श्याम हे सगळं रात्री, आश्रमातल्या मित्रांना सांगतोय. प्रकरणांना तिथे 'रात्र' म्हणतात. आई गेलेली आहे. तिनं जे जे उलगडून सांगितलं ते सगळं त्याच्याजवळ उरलेलं आहे आणि ती उरलेली नाही. त्यामुळे ते सांगणं उपदेशापेक्षा जास्त काहीतरी होतं. तिचा आवाज पुन्हा कानावर यावा म्हणून तो ते बोलतोय. शाळेतल्या धड्यांनी नेमकं हेच कापलं. धड्यात आई जिवंत असते, उपदेश करते आणि खाली स्वाध्याय असतो.

त्याच १९३३ साली, तुरुंगात नाही तर पुण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गात खळबळ माजवत, विभावरी शिरूरकर या टोपणनावानं एक कथासंग्रह आला, 'कळ्यांचे निःश्वास'. लेखिका कोण याचा शोध सुरू झाला, निषेध झाले. टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या हे पुढे उघड झालं. कथा आहेत शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या. 'मुली' हा शब्द मी सवयीनं लिहिला. त्या प्रौढ बायका आहेत. नोकरी करतात, घर चालवतात, कुणाच्या तरी मिळकतीची गरज म्हणून त्यांचं लग्न लांबतं. आणि पुस्तकाचं नाव त्यांना कळ्या म्हणतं. कळीचं फूल होणं म्हणजे लग्न, ते होत नाही तोवर पंचविशीतली बाईही कळीच. एकाच वर्षातली ही दोन पुस्तकं मला शेजारी ठेवून वाचायला आवडतात. एकात आई सांगते, कळी खुडू नको. दुसऱ्यात कळीला कुणी खुडलेलं नाही, फुलूही दिलेलं नाही, आणि तिचा श्वास ऐकू येतोय. कळ्या श्वास टाकत नाहीत. शीर्षकात रूपक मुद्दाम अडखळवलं आहे की त्या काळच्या भावगीती भाषेची ती सवय होती, हे मी ठरवू शकत नाही. पण कथा वाचून शीर्षकाकडे परत गेलं की ते गोड वाटत नाही एवढं खरं. हिंदीत 'कलियों' म्हटलं की ते पुन्हा गोड होतं. चित्रपटगीतांनी तो शब्द इतका वापरला आहे की त्यात धार उरलेली नाही.

आता 'कोसला', १९६३. भालचंद्र नेमाड्यांनी पांडुरंग सांगवीकरला खानदेशातल्या गावातून पुण्याला कॉलेजात पाठवलं आणि पंचविशीत, हाती काही न लागता, गावी परत आणलं. जर्मन परंपरेत ज्याला बिल्डुंग्जरोमान म्हणतात, गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासूनची ती घडणीची कादंबरी, तिचा हिशेब साधारण असा असतो की तरुण भटकतो, चुकतो आणि शेवटी समाजात त्याची जागा त्याला सापडते. पांडुरंगाचं असं काही घडत नाही. म्हणून 'कोसला'बद्दल लिहिताना समीक्षक शीर्षकाकडे धावतात. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. पांडुरंग स्वतःभोवती कोश विणतो. त्यातून फुलपाखरू निघतं का, निघत नाही का. इंग्रजी अनुवाद १९९७ साली सुधाकर मराठे यांनी केला, त्याचं नावही 'कोकून'.

हिंदीत ही कादंबरी 'कोसला' याच नावानं आली, आणि आमच्या भागात या नावाची मोठी गंमत होते. जबलपूरच्या हिंदी वाचकाला 'कोसला' म्हटलं की कोसल आठवतो. दक्षिण कोसल म्हणजे छत्तीसगड, कौसल्येचं माहेर. पुस्तक हातात घेतल्यावर एका ओळखीच्या प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, ऐतिहासिक कादंबरी आहे का? मी हसले, पण मग सुचलं की शब्द इथे अगदीच परका नाही. छत्तीसगडमध्ये, चांपा वगैरे भागात, आणि आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीतही टसरच्या रेशमाला कोसाच म्हणतात. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर तो किडा वाढवतात. माझ्या आईकडे एक कोशाची साडी होती, तिला आम्ही लहानपणापासून 'कोसा'च म्हणायचो.

कोसा कसा काढतात हे समजून घेतल्यावर मला कादंबरीचं नाव वेगळं दिसायला लागलं. कोशातून पतंग बाहेर आला तर तो कोशाचं एक टोक भिजवून, धागे बाजूला सारून येतो. अशा भोक पडलेल्या कोशातून सलग धागा निघत नाही, त्याचं सूत कातावं लागतं आणि ते जाडंभरडं होतं. उत्तम धाग्यासाठी आतला जीव बाहेर येण्याआधीच कोश उकळतात किंवा वाफवतात. म्हणजे जिथे कोश रोजच्या व्यवहारातली वस्तू आहे, तिथे त्याची किंमत आतून काही बाहेर येत नाही यावर ठरते. फुलपाखराची अपेक्षा बागेतल्या माणसाची. पांडुरंगाच्या पंचवीस वर्षांतून काही 'बाहेर आलं' का, हा प्रश्न वडिलांचा आहे, कॉलेजचा आहे, आणि समीक्षकांनी तो तसाच उचलला आहे. कादंबरी मात्र धागा काढत बसते. मेसची बिलं, वसतिगृहातल्या खोल्या, स्नेहसंमेलनाचे हिशेब, पत्रं. हे सगळं नेमाड्यांच्या मनात होतं असा माझा दावा नाही. अनुवादकाला शब्द दोन गावांमधून वाहून न्यावा लागतो आणि वाटेत त्याला कधीकधी असं काही चिकटतं.

'कोसला'त माझ्या दृष्टीनं खरा महत्त्वाचा शब्द शीर्षकात नाहीच. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते. देवी येणं, देवी निघणं : आजाराला देवीचं नाव, म्हणजे पुन्हा मोठ्यांचं रूपक, आणि या वेळी भीतीपोटी केलेलं. हिंदीत पर्याय दोन. 'चेचक' म्हटलं तर डॉक्टरांचा शब्द येतो, 'माता' म्हटलं तर देवघर येतं आणि शिवाय आई येते, जी मराठी शब्दात नाही. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडलेला नाही. त्यामुळे आजचा विशीतला मराठी वाचकसुद्धा हा शब्द क्षणभर शब्दशः वाचतो आणि अडखळतो. पांडुरंगाचं दुःख कसल्याच प्रतीकाच्या आश्रयाला जात नाही. तो हिशेब करायला लागतो. मनीबरोबर तिच्या पोटी पुढे कधी येऊ शकली असती ती माणसंही गेली, इथपर्यंत त्याचा तर्क धावतो. हे भयंकर आहे आणि जवळजवळ पोरकट आहे, आणि माझ्या मते मराठी कादंबरीत शोक इतका उघडा क्वचितच आला असेल. जे. डी. सॅलिंजरच्या 'कॅचर इन द राय'शी (१९५१) 'कोसला'ची तुलना नेहमी होते. ती बहुधा बंडखोरीवरून केली जाते. मला साम्य दिसतं ते इथे. होल्डन टॅक्सीवाल्यांना विचारत सुटतो की तळं गोठल्यावर बदकं कुठे जातात. त्यावर प्रबंध लिहिले गेले. पण तो प्रश्न पोचतो तो होल्डनला खरोखर बदकांचीच काळजी आहे म्हणून.

हिशेबाचा मुद्दा पुढे लागेल. त्याआधी 'शाळा'.

मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ची, पण काळ आणीबाणीचा, आणि नायक मुकुंद जोशी नववीत. मुलं एका अर्धवट राहिलेल्या इमारतीत बसतात आणि तिथून रस्त्यावरच्या मुली बघतात. अर्धवट इमारत म्हणजे अर्धवट वय, हे इतकं समोर आहे की विद्यार्थी ते पहिल्या वाचनात शोधून आणतात आणि खूश होतात. तसंच आणीबाणी : शाळेतली शिस्त म्हणजे देशातली शिस्त. हे वाचन चुकीचं म्हणता येणार नाही. पण मुकुंदच्या दृष्टीनं आणीबाणी ही मोठ्यांच्या बोलण्यातली गोष्ट आहे, आणि इमारत ही बसायची जागा आहे. तिला दारंखिडक्या नाहीत म्हणून तिथून रस्ता चांगला दिसतो. बांधकाम पुरं झालं की तिथून हाकलतील, एवढाच तिच्या अपुरेपणाचा त्याला उपयोग. 'शाळा'चं बळ या व्यवहारी नजरेत आहे.

त्यातली खरी जिवंत रूपकं पोरांच्या तोंडी आहेत. 'लाइन' हा शब्द घ्या. या कादंबरीत ते नाम आहे. कुणाची लाइन कोण, हे वर्गात ठरलेलं असतं, मुलीला पत्ताही नसतो. हिंदीत 'लाइन मारना' आहे, पण ती क्रिया आहे, थोडी छचोर, आणि ती करणारा सडकेवर उभा असतो. मराठी 'लाइन' जवळजवळ नातं आहे. मुकुंद ते गंभीरपणे सांभाळतो. आणि ज्या मुलीसाठी सांभाळतो तिला तो पुस्तकभर आडनावानं ओळखतो : शिरोडकर. नावात पहिलं नाव नसणं ही वर्गातली साधी रीत आहे, हजेरीपटावरून आलेली. पण तीनशे पानं गेल्यावर ते आडनाव इतकं जवळचं होतं की पहिल्या नावानं हाक मारली तर ती परकी वाटेल. हिंदी पट्ट्यात मुलीला आडनावानं संबोधत नाहीत, निदान त्या काळच्या शाळांत नाही. अनुवादात 'शिरोडकर' ठेवलं तर वाचकाला तो मुलगा वाटतो, आणि 'शिरोडकर की लड़की' म्हटलं तर तिचा बाप मध्ये येतो. यावर उपाय मला सापडलेला नाही.

'शाळा' या शब्दाला आणखी एक पदर आहे. मराठीत एखाद्याची शाळा करणं म्हणजे त्याला बनवणं. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांच्या पाट्यांवर 'शासकीय प्राथमिक शाला' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे शब्द आमच्याकडे ओळखीचा आहे, पण त्याचा हा मिश्कील अर्थ नर्मदेपर्यंत येता येता कुठेतरी गळून गेला.

आता प्रकाश नारायण संतांकडे येते. खरं तर सुरुवातीपासून मला त्यांच्याकडेच यायचं होतं.

लंपनच्या कथांची चार पुस्तकं : 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. पहिलं १९९४चं. लंपन आईवडील आणि भावंडांपासून दूर, आजीआजोबांकडे राहतो. गावाचं नाव नाही, पण भाषा, माणसं, गुंडीमठ रोडसारखी नावं, मराठीत मिसळलेली कानडी यांवरून बेळगावचा परिसर कुणालाही ओळखू येतो. शीर्षकांपैकी 'पंखा' आणि 'झुंबर' या घरातल्या वस्तू, आणि मग हे एकच प्रचंड रूपक, 'वनवास'. ते लंपनचं नाही. त्याला आजीआजोबा आवडतात. खाणंपिणं, मित्र, सुमी, भटकणं, सगळं भरलेलं आहे. दुःख म्हणून तो काही मांडत नाही. तरी आई त्या पानांमध्ये नसण्यानं सतत आहे.

लेखकाची माहिती असलेले वाचक इथे लगेच किल्ली काढतात. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे पुत्र. आईच्या माहेरी, दीक्षितांकडे, दत्तक गेले. कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित. कराडला भूशास्त्र शिकवलं. २००३ साली अपघातात गेले. म्हणजे वनवास बरोबर दत्तक. सगळं खरं आहे, आणि कथा वाचताना याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. तीही एक तळटीपच.

लंपनला काहीतरी आतून हलतं तेव्हा त्याच्याकडे दोनच साधनं असतात. एक 'मॅड' हा शब्द, जो तो माणसांना, वस्तूंना, वाऱ्याला, स्वतःला, कशालाही लावतो. दुसरं साधन म्हणजे आकडे. एखादी गोष्ट किती वेळा केली, किती वेळा वाटली, याचा तो अवाढव्य आणि तरी अगदी नेमका आकडा सांगतो. वाचक हसतो. पण हा पोरगा खोटं बोलत नाहीये. जे मोजता येत नाही ते तो मोजून दाखवतोय, कारण भावनेचं नाव त्याला अजून कुणी दिलेलं नाही. मोठ्यांची रूपकं अजून त्याच्या हाती लागलेली नाहीत, तोवर त्यानं स्वतःचं माप काढलं आहे. पांडुरंगाच्या हिशेबाशी याचं नातं मला इथे दिसतं. दोघंही शोकाच्या ठिकाणी उपमा देत नाहीत, बेरीज करतात.

एकदा मी माझ्यापुरता 'वनवास'मधल्या काही पानांचा हिंदी मसुदा केला होता. 'मॅड'ला 'पागल' लिहिलं आणि ती शिवी झाली. इंग्रजी शाळेच्या आसपास वाढलेल्या मुलाच्या तोंडचा तो उसना, मिरवायचा शब्द होता, त्याचं भाषांतर करायचंच नव्हतं. दुसरी चूक जास्त वाईट. आकडे मला हिंदीत अवघड वाटले, वाक्याचा ओघ मोडत होता, म्हणून मी ते गोल केले : 'सैकड़ों बार', 'हज़ारों'. वाक्यं सुरेख झाली. ज्या मैत्रिणीला वाचायला दिलं ती फक्त हिंदी वाचते. वाचून म्हणाली, "बच्चा बहुत प्यारा है, पर ये उदास क्यों नहीं है? नाम तो वनवास है." मी आधी शीर्षकाला दोष दिला. हिंदी वाचकाला वनवास म्हटलं की चौदा वर्षं आणि अश्रू हवेत, वगैरे. दोष माझा होता. उदासी त्या आकड्यांत होती आणि मी ती खर्च खात्यावर टाकावी तशी पुसून टाकली होती. 'हज़ारों बार' हे मोठ्यांचं बोलणं. मोठे असंच बोलतात, मोजत नाहीत.

पुन्हा बसून सगळे आकडे जसेच्या तसे घातले. काही ठिकाणी हिंदी वाक्य खरोखर मोडतं. मोडू दिलं.

वनवास घडवून आणणाऱ्या मंथरेला तुलसीदास 'चेरी' म्हणतात, दासी या अर्थी. आमच्या चेरीतालमधली चेरीही तीच. जबलपूरच्या तळ्यांची गोष्ट अशी सांगतात की राणी दुर्गावतीच्या नावानं रानीताल, तिचे मंत्री आधारसिंह यांच्या नावानं आधारताल आणि तिच्या दासीच्या नावानं चेरीताल. मला हे कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मी समजत होते की इथे कधीतरी चेरीची झाडं होती, केकवर असते ती चेरी. माझ्या वर्गातल्या सगळ्याच मुलींना तसं वाटायचं. तळं तर आमच्या आठवणीतही नाही, घरंच घरं आहेत. भाची आता आठ वर्षांची आहे आणि तिनं चेरीच्या झाडांचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय, मध्ये निळं तळं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तळटिपेचं भांडण तडजोडीनं मिटलं. संपादक भले गृहस्थ आहेत, त्यांची अडचण खरी होती. वाचकाला वाक्य चुकीचं छापलं गेलंय असं वाटेल, ही त्यांची भीती. मी सुचवलं की त्याच परिच्छेदात मुलगी अंगणात डोक्यावर हात धरून पळते ते आहेच, वाचक तिच्याबरोबर थांबेल. त्यांनी पानाखालची टीप काढली आणि पुस्तकाच्या शेवटी मराठी शब्दांची यादी जोडली. तिथे 'कौआ' आहे, 'काकी' आणि 'खिचड़ी'च्या आसपास कुठेतरी. खिचडीला अर्थ कशाला लागतो हे मी विचारलं नाही.